बँड आतून फुटतो तेव्हा: गाण्याचा सातबारा कुणाच्या नावावर?

प्रश्न असा आहे: "आमचा पाच जणांचा मराठी रॉक बँड आहे. मागच्या वर्षी एक गाणं चांगलं चाललं, आता फेस्टिव्हलची बोलावणी येतात. पण गाणी लिहिणारा मित्र आणि गिटारिस्ट यांचं अजिबात पटेनासं झालंय. दर प्रॅक्टिसला वाद. शेवटचा वाद नव्या गाण्यातल्या सोलोच्या, म्हणजे एकट्या गिटारने वाजवायच्या तुकड्याच्या, लांबीवरून झाला आणि गिटारिस्ट उठून गेला. काही जण म्हणतात, मोठ्या बँडमध्येही असंच होतं, भांडणातूनच चांगलं संगीत निघतं, चालू द्या. काही म्हणतात, वेळीच मिटवा. नक्की काय करावं?"

मी रेकॉर्डिस्ट आहे. बरीच वर्षं पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंत बँड रेकॉर्ड आणि मिक्स करतोय, म्हणजे वेगवेगळी रेकॉर्ड केलेली वाद्यं आणि गळे जुळवून एक गाणं करतोय. काचेच्या अलीकडे बसणाऱ्याला बँडची भांडणं फार जवळून दिसतात, कारण हेडफोनवर सगळं ऐकू येत असतं आणि आत वाजवणाऱ्यांना त्याचा विसर पडलेला असतो. त्या अनुभवावरून आधी सरळ उत्तर देतो. गाणं कसं वाजावं यावरून भांडण असेल तर चालू द्या, मिटवायच्या भानगडीत पडू नका. गाणं कुणाचं यावरून असेल तर याच आठवड्यात बसा आणि कागदावर मिटवा. अडचण एवढीच की दुसरं भांडण नेहमी पहिल्याचं सोंग घेऊन येतं. "तुझा सोलो फार लांबतोय" असं कुणी म्हणतो तेव्हा कधी खरंच सोलो लांबलेला असतो, आणि कधी "हे गाणं माझं आहे, तू त्यात किती जागा घ्यायची ते मी ठरवणार" असं म्हणायचं असतं. बोलणाऱ्यालासुद्धा कित्येकदा यातला फरक कळत नाही.

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचं उदाहरण जरा सविस्तर सांगतो. या बँडमध्ये दोन्ही प्रकारची भांडणं झाली आणि एकाचं दुसरं कधी झालं ते अल्बमागणिक दिसतं.

1973 चा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत रेकॉर्ड झाला. इंजिनिअर होता अ‍ॅलन पार्सन्स. मिक्सची वेळ आली तेव्हा गिटारिस्ट डेव्हिड गिलमोरला आवाज मोठा, ओला, रिव्हर्बमध्ये म्हणजे घुमाऱ्यात भिजलेला हवा होता. बेस वाजवणाऱ्या आणि शब्द लिहिणाऱ्या रॉजर वॉटर्सला हवा होता कोरडा आणि स्वच्छ. एकमत होईना म्हणून तिसरा कान हवा असं ठरलं आणि बाहेरच्या ख्रिस थॉमसला बोलावलं. त्याला एकट्याला मिक्स करू द्यायचं, मध्ये कुणी बसायचं नाही. गिलमोरने नंतर सांगितलं आहे की पहिल्याच दिवशी वॉटर्स हळूच आत जाऊन बसला. ते कळल्यावर दुसऱ्या दिवशी गिलमोरही गेला, आणि मग दोघं थॉमसच्या दोन खांद्यांशी बसून लुडबुड करत राहिले. थॉमसची आठवण मात्र अगदी वेगळी आहे. त्याच्या मते त्या दोघांत मतभेद जाणवलेच नाहीत, वातावरण उत्तम होतं.

या दोन्ही आठवणी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. आवाजावरच्या भांडणात जोर असतो, विष नसतं, त्यामुळे बाहेरून आलेल्याला ते भांडण वाटतच नाही. मिक्सच्या वेळी प्रत्येकाचा कान आपल्या वाद्यापाशी असतो. बेसवाला म्हणतो लो एंड, म्हणजे खालचे सूर, जरा वर घे, ड्रमर म्हणतो स्नेअर ड्रम दबलाय, गायक म्हणतो शब्द कळत नाहीत. चौघांचं ऐकून एकेक फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची पट्टी, वर नेत गेलं की मास्टरचा मीटर लाल होतो आणि सगळं होतं त्याच जागी येतं. मग कुणीतरी वैतागून म्हणतो, "बरं, माझी गिटार पूर्ण काढ बघू." ती काढल्यावर गाण्याला अचानक श्वास घ्यायला जागा मिळते आणि सगळे गप्प होतात. असे क्षण एकमत असलेल्या बँडला मिळत नाहीत. ‘डार्क साइड’ हेडफोन लावून ऐका. घड्याळं, नाणी, लोकांच्या बोलण्याचे तुकडे अगदी कानाशी, कोरडे. आणि गिटार, ऑर्गन दूरवर पसरलेले. दोघांचाही हट्ट त्यात शिल्लक आहे.

आता त्याच अल्बममधलं ‘मनी’ घ्या. श्रेय एकट्या वॉटर्सचं. सात मात्रांचा तो बेसचा रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, त्याचाच, शब्दही त्याचे. पण गिटार सोलो सुरू होतो तिथे ठेका सातावरून चारावर येतो आणि पुढचा मोठा भाग गिलमोरचा आहे. हे गाणं आठवून बघ म्हटलं तर अनेक जण तो सोलोच गुणगुणतील. तरी गाण्याच्या मालकीत त्याचं नाव नाही, कारण शब्द आणि चाल म्हणजे गाणं, बाकी सगळं वाजवणं, असा रिवाज पूर्वीपासून चालत आला आहे.

आपल्याकडेही तेच. भावगीताला कवी, संगीतकार आणि गायक ही तीन नावं पक्की. गाण्याचे म्युझिक पीस लिहिणारा, वाद्यमेळ बांधणारा संयोजक मात्र बहुतेकदा मागे राहतो. अनिल मोहिले यांच्यासारख्या संयोजकाचं काम ज्यांनी ऐकलंय त्यांना ठाऊक आहे की कित्येक गाण्यांचा चेहरा तिथे घडतो. पण भावगीतात कामं आधीच वाटलेली असतात आणि संयोजकाला त्याचं मानधन ठरवून मिळतं. बँडमध्ये तसं काहीच ठरलेलं नसतं. एक जण तीन कॉर्ड आणि मुखडा घेऊन येतो, बाकीचे चार जण जॅम करता करता, म्हणजे मिळून सुचेल तसं वाजवता वाजवता, त्याचं गाणं करतात. ते गाणं चाललं की प्रश्न येतो, चाल नक्की कुणाची?

जमिनीचा सातबारा एकाच्या नावावर आणि कसणारे पाच जण, अशी ही अवस्था असते. पीक नसतं तोवर कुणी विचारत नाही.

‘डार्क साइड’चं पीक तर अफाट आलं. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत हा अल्बम 700 हून अधिक आठवडे राहिला. त्यात एक शब्दाविना गायलेलं गाणं आहे. क्लेअर टॉरी नावाची गायिका जानेवारी 1973 मध्ये एका रविवारी संध्याकाळी आली, बँडच्या कीबोर्डवादक रिचर्ड राइटच्या पियानोवर तिने तिथल्या तिथे सुचेल तसं गायलं, रविवारचा दुप्पट दर म्हणून 30 पौंड घेतले आणि घरी गेली. 2004 मध्ये तिने दावा लावला, 2005 मध्ये तडजोड झाली आणि तेव्हापासून त्या गाण्यावर राइटच्या जोडीला तिचंही नाव लागतं. असं गायलेलंही चाल ठरतं, हे मान्य व्हायला तीस वर्षांहून जास्त काळ गेला. ती बाहेरची होती म्हणून कोर्टात जाऊ शकली. बँडमधला माणूस तीस वर्षं रोज त्याच खोलीत बसतो.

पुढच्या अल्बमची सुरुवात गिलमोरच्या चार सुरांतून झाली. तालमीत गिटारवर सहज निघालेले ते चार सूर ऐकून वॉटर्सला मानसिक आजाराने बँडबाहेर गेलेला सिड बॅरेट आठवला आणि लांबच लांब गाणं उभं राहिलं. श्रेय तिघांच्या नावावर. मात्र त्या गाण्याचे दोन भाग करून ते अल्बमच्या दोन टोकांना ठेवायचे की नाही यावर मत घेतलं गेलं आणि गिलमोर हरला. इथपर्यंत सगळं ठीक म्हणता येईल. मत घेतलं, एक हरला, काम पुढे गेलं.

बॅरेटचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगायला हवी. 1968 च्या जानेवारीत कार्यक्रमाला निघताना गाडीत कुणीतरी विचारलं, सिडला घ्यायचं का? नको, असं ठरलं आणि त्याला न घेताच गाडी पुढे गेली. त्याच्याशी बसून कुणी बोललं नाही. तो आजारी होता, हे सगळे पंचविशीच्या आतबाहेरचे, त्यांना दोष देणं सोपं आहे आणि मला तो द्यायचा नाही. पण अवघड गोष्ट तोंडावर न बोलण्याची सवय या बँडला तेव्हापासूनची, आणि पुढे तिनेच सगळ्यांचं नुकसान केलं असं माझं मत आहे.

1977 चा ‘अ‍ॅनिमल्स’ या सगळ्यात माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. अल्बममध्ये पाच ट्रॅक. गिलमोरचं नाव फक्त ‘डॉग्ज’वर, तेही वॉटर्ससोबत. हा ट्रॅक 17 मिनिटांचा, तबकडीची जवळजवळ पूर्ण एक बाजू. वॉटर्सने आपल्या एका छोट्या गाण्याचे दोन तुकडे केले आणि एक सुरुवातीला, एक शेवटी लावला. प्रत्येक तुकडा दीड मिनिटाच्या आसपास. आता बघा, रॉयल्टी वाटली जात होती गाण्यागणिक, मिनिटांवर नाही. म्हणजे दीड-दीड मिनिटाचे दोन ट्रॅक पूर्ण वॉटर्सचे, आणि 17 मिनिटांच्या एका ट्रॅकमध्ये गिलमोर भागीदार. राइटच्या नावावर काहीच नाही. पिंक फ्लॉइडच्या अल्बमवर असं पहिल्यांदाच घडलं. ‘शीप’च्या सुरुवातीचा इलेक्ट्रिक पियानो मात्र त्याचाच आहे, आणि तो काढला तर त्या ट्रॅकची हवाच जाते.

वॉटर्सने पैशासाठी गाणं तोडलं असं मी म्हणत नाही. दोन टोकांना एकच धून ठेवणं ही चांगली सांगीतिक कल्पना आहे. म्हणून तर हे अवघड. एकच निर्णय एकाला रचना वाटतो आणि दुसऱ्याला हिशोब. इथून पुढे गिलमोरने "ही चाल जरा लांबतेय" म्हटलं असतं तरी त्याला फक्त चालच दिसत होती असं कुणी छातीठोक सांगू शकलं नसतं.

त्यानंतर पैसा बुडाला. ज्या सल्लागार कंपनीवर गुंतवणूक सोपवली होती तिचे व्यवहार कोसळले, आणि ब्रिटनमध्ये तेव्हा वरच्या उत्पन्नावर 83 टक्के आयकर होता. अल्बम करणं भागच होतं. वॉटर्सकडे दोन तयार डेमो, म्हणजे कच्ची रेकॉर्डिंग्ज, होते, बाकीच्यांकडे फारसं काही नव्हतं. ज्याच्याकडे गाणी असतात त्याच्याकडे सत्ता जाते, यात त्याचा काय दोष? त्यातून ‘द वॉल’ हा अल्बम निघाला. निर्माता म्हणून बॉब एझरिन आला आणि त्याचा मोठा वेळ या दोघांच्या मध्ये उभं राहण्यात गेला.

त्यातल्या ‘कम्फर्टेबली नम’ची चाल गिलमोरच्या जुन्या डेमोतली, शब्द वॉटर्सचे. ट्रॅकच्या दोन आवृत्त्या झाल्या. एक मायकल केमनच्या वाद्यवृंदाची, जी एझरिन आणि वॉटर्सला आवडली. दुसरी गिलमोरची, अधिक उघडी आणि कडक. कडाक्याचं भांडण झालं, लॉस एंजेलिसमधल्या एका इटालियन रेस्टॉरंटमध्ये जाऊनही तेच. शेवटी गाण्याचा मुख्य भाग वाद्यवृंदाचा आणि अखेरचा सोलो गिलमोरच्या मनासारखा, अशी वाटणी झाली. आणि तो सोलो कसा बांधला ते ऐका. गिलमोरने पाच-सहा सोलो वाजवले. मग एकेक टेक ऐकत कागदावर मात्रांचा तक्ता केला, कुठल्या टेकचा कुठला तुकडा चांगला त्यावर खुणा केल्या आणि त्या खुणांप्रमाणे एकेका चॅनेलचा फेडर वर-खाली करत एक सलग सोलो जोडला. आज कॉम्पिंग म्हणून आम्ही संगणकावर दोन मिनिटांत करतो तेच, बोटांनी. बँड एकमेकांचं तोंड बघत नव्हता त्या दिवसांत हे काम झालं.

म्हणून "भांडणातून चांगलं निघतं" म्हणणारे पूर्ण खोटं बोलत नाहीत. फक्त त्याच महिन्यांत त्याच खोलीत आणखी काय चाललं होतं ते सांगायचं राहून जातं. 1979 मध्ये, ‘द वॉल’चं काम चालू असतानाच, वॉटर्सच्या आग्रहावरून राइटला बँडमधून काढलं. 1980-81 च्या कार्यक्रमांत तो पगारी वादक म्हणून वाजवत होता. ते कार्यक्रम इतके खर्चिक होते की मालक असलेल्या तिघांना तोटा झाला आणि ठरलेला पगार फक्त राइटला मिळाला. पुढच्या ‘द फायनल कट’च्या वेळी गिलमोर म्हणाला, मला थोडा वेळ द्या, माझ्याकडे आत्ता गाणी नाहीत. वेळ मिळाला नाही. 1983 मध्ये अल्बम आला तेव्हा त्यावर रचना रॉजर वॉटर्सची आणि सादरकर्ते पिंक फ्लॉइड असं छापलं होतं. निर्मात्यांच्या यादीतून गिलमोरचं नाव गेलेलं होतं.

शेवटी भांडण उरलं ते नावाचं. वॉटर्स 1985 मध्ये बाहेर पडला, 1986 मध्ये पिंक फ्लॉइड हे नाव बंद व्हावं म्हणून लंडनच्या हायकोर्टात गेला. डिसेंबर 1987 मध्ये तडजोड झाली. नाव गिलमोर आणि ड्रमर निक मेसनकडे, ‘द वॉल’ची संकल्पना वॉटर्सकडे, आणि कार्यक्रमांत उडवायचं ते फुगवलेलं डुक्करही वॉटर्सकडे. डुकराच्या मालकीवर वकिलांनी बसावं इतकं सगळं आधी न बोललेलं होतं. 2013 मध्ये वॉटर्सने बीबीसीच्या मुलाखतीत सांगितलं की कोर्टात जाणं चुकलं. पण 2 जुलै 2005 चा हाइड पार्कमधला एक कार्यक्रम सोडला तर चौघं परत एकत्र वाजवायला उभे राहिले नाहीत, आणि 2008 मध्ये राइट वारला.

बीटल्सची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, त्यामुळे त्यातले दोनच मुद्दे घेतो. त्यांची गाणी ज्या कंपनीकडे होती ती 1965 मध्ये शेअर बाजारात आली तेव्हा बहुतेक गाणी लिहिणारे लेनन आणि मॅकार्टनी यांचा वाटा प्रत्येकी 15 टक्के होता. गिटारिस्ट जॉर्ज हॅरिसन आणि ड्रमर रिंगो स्टार या दोघांचा मिळून 1.6 टक्के. हॅरिसन 10 जानेवारी 1969 ला तालीम सोडून उठून गेला. त्याच्या काही दिवस आधी वरवर वाद झाला होता तो गिटार कशी वाजवायची यावरून. त्याच महिन्यात त्याने आणलेलं आणि बँडने न घेतलेलं एक गाणं पुढच्या वर्षी त्याच्या तीन तबकड्यांच्या एकल अल्बमचं शीर्षकगीत झालं. साचलेलं किती होतं ते त्या तीन तबकड्या सांगतात. त्याआधी वर्षभर, जानेवारी 1968 मध्ये, हा माणूस मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत इथल्या वादकांना घेऊन रेकॉर्डिंग करत होता. त्यातल्या एका ट्रॅकवर हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आहे. तो ट्रॅक बीटल्सच्या एका सिंगलच्या, म्हणजे दोन बाजूंना एकेक गाणं असलेल्या छोट्या तबकडीच्या, मागच्या बाजूला आला, आणि बीटल्सच्या सिंगलवर आलेली हॅरिसनची ती पहिली रचना. बँडमध्ये न मिळालेली जागा त्याला मुंबईत मिळाली, याचं मला इथला रेकॉर्डिस्ट म्हणून फार अप्रूप वाटतं.

दुसरा मुद्दा बिली प्रेस्टनचा. हॅरिसन परतला आणि 22 जानेवारीला कीबोर्ड वाजवायला प्रेस्टन येऊन बसला. वातावरण लगेच बदललं. पाहुण्यासमोर घरचे नीट वागतात, हे हॅरिसनला नेमकं ठाऊक होतं. हा उपाय मी डोळ्यांनी अनेकदा बघितला आहे. अडलेल्या बँडमध्ये एक दिवस बाहेरचा पर्कशनिस्ट किंवा सारंगीवाला आला की आवाज खाली येतात आणि काम सुरू होतं. मात्र याने फक्त आवाजावरचं भांडण सुटतं. बीटल्स पुढच्या वर्षी फुटलेच.

मग सगळं समान वाटलं की झालं? तसंही नाही. क्रीडेन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या अमेरिकन बँडमध्ये जॉन फॉगर्टी जवळपास सगळी गाणी लिहायचा, गायचा, निर्मितीही करायचा. एकट्या 1969 मध्ये त्यांनी तीन अल्बम काढले. थोरला भाऊ टॉम कंटाळून 1971 मध्ये बाहेर पडला. उरलेल्या तिघांनी 1972 च्या अल्बमात गाणी लिहिण्या-गाण्याचं काम वाटून घेतलं. तो अल्बम समीक्षकांनी झोडपला आणि त्याच वर्षी बँड संपला. 1993 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये सन्मान झाला तेव्हा जॉनने जुन्या साथीदारांसोबत वाजवायला नकार दिला. काम समान वाटायचं नसतं. ज्याला गाणं सुचतं त्याने लिहावं. श्रेय आणि पैसा कसा वाटायचा हा निराळा प्रश्न आहे, आणि तो निराळा ठेवला तरच सुटतो.

क्वीन या ब्रिटिश बँडने तो उशिरा सोडवला. 1975 मध्ये त्यांच्या सर्वांत गाजलेल्या सिंगलच्या मागच्या बाजूला ड्रमर रॉजर टेलरचं गाणं होतं. रेकॉर्ड विकली गेली पुढच्या बाजूसाठी, पण मागच्या बाजूच्या रचनेला रॉयल्टी तेवढीच. मग कुणाचं गाणं सिंगलवर जाणार यावर वर्षानुवर्षं कुरबुर. 1989 च्या अल्बमपासून सगळी गाणी चौघांच्या नावावर लावली, आणि हे पंधरा वर्षं आधी करायला हवं होतं असं त्यांचा गिटारिस्ट ब्रायन मे म्हणाला. आर.ई.एम. बँडने हे अगदी सुरुवातीला केलं. श्रेय चौघांना समान, मत प्रत्येकाचं एक, आणि एकाने नको म्हटलं तर ती गोष्ट होणार नाही. 1997 मध्ये ड्रमर सोडून गेला, 2011 मध्ये बँड थांबला, दोन्ही वेळा कटुतेशिवाय.

आता तुमच्याकडे येतो. पहिल्यांदा ते चाललेलं गाणं स्ट्रीमिंगच्या अ‍ॅपवर उघडा आणि श्रेयाच्या ठिकाणी कुणाची नावं आहेत ते बघा. वितरकाकडे गाणं चढवताना घाईत ज्याच्या लॅपटॉपवर अकाउंट होतं त्याने जे भरलं तेच तिथे असणार. मग आठवा, वाद सुरू कधी झाले? गाणं बाहेर येण्याआधीही हे दोघं असेच भांडत असतील आणि तरी चहा एकत्र पीत असतील, तर काळजीचं कारण नाही. पहिला पैसा किंवा पहिली मुलाखत आली आणि त्यानंतर सुरू झाले असतील, तर सोलोच्या लांबीवर चर्चा करण्यात अर्थ नाही.

बसाल तेव्हा तीन हिशोब वेगवेगळे मांडा. शब्द आणि संगीत हा एक, रेकॉर्डिंगची मालकी हा दुसरा, शोचं मानधन हा तिसरा. आपल्या कायद्यात शब्द आणि संगीत या दोन स्वतंत्र कृती आहेत. 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला हक्क कुठल्या कंपनीला परस्पर लिहून घेता येत नाही. त्यामुळे आयपीआरएसकडे, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेकडे, गाणं नोंदवताना जे टक्के भराल त्यांना पुढे खरोखर किंमत येते. माझं मत विचाराल तर शब्द ज्याचे त्याचे पूर्ण राहू द्या. संगीताच्या बाजूचा निम्मा हिस्सा चाल आणणाऱ्याला द्या आणि उरलेला निम्मा, गाणं घडताना खोलीत असलेल्या सगळ्यांना समान. लिहिणाऱ्याला त्याचा मान राहतो आणि रिफ शोधणाऱ्याला आपण भाड्याने आलोय असं वाटत नाही. जॅमचं रेकॉर्डिंग फोनवर चालू ठेवा आणि त्याच रात्री ग्रुपवर टक्के लिहून टाका. सहा महिन्यांनी प्रत्येकाला आपापल्या सोयीचं आठवतं.

रेकॉर्डिंगच्या बाबतीत एक धोका बहुतेक बँडना माहीत नसतो. ज्याने पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली तो कायद्याने ध्वनिमुद्रणाचा निर्माता. स्टुडिओचं बिल मैत्रीत एकट्याने भरलं तर मास्टरवर, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगवर, त्याचा दावा उभा राहू शकतो. वर्गणी काढा, पावती बँडच्या नावाने घ्या. आणि बँडचं नाव ट्रेडमार्कच्या 41 व्या, म्हणजे मनोरंजनाच्या, वर्गात, पाचही जणांच्या नावे नोंदवा. कुणी सोडून गेला तर नाव कुणाकडे राहील हे, कुणीच सोडून जाणार नाही असं वाटतंय तेव्हाच लिहा.

गिटारिस्टकडे स्वतःची गाणी आहेत का, हे कुणी विचारलंय? नसेल तर विचारा. असतील आणि बँडला पेलत नसतील तर त्याला बाहेर करू द्या, त्याला गद्दारी म्हणू नका. आणि प्रत्येक गाण्यापुरता शेवटचा शब्द कुणाचा हे रेकॉर्डिंगला येण्याआधी ठरवून या. त्या गाण्यात तो म्हणेल ते, पुढच्या गाण्यात दुसरा.

एवढं झाल्यावर सोलोवरून दोघं पुन्हा भांडले तर ते भांडण संगीताचं आहे. दोन्ही लांबीचे टेक पूर्ण वाजवून ठेवा, एकही पुसू नका, आणि मिक्स करणाऱ्याला कुणाचा कोणता ते न सांगता पाठवा.